चौथ्या लाईनीखालचं वजन

मंगळवार, १२ मार्च २०४१. सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. वडधोंडा कोळसा खाणीचा मुख्य पट्टा थांबला.

हा पट्टा पाच किलोमीटर लांब. उघड्या खाणीतून निघून कामगार वसाहतीच्या कडेनं तो वीजकेंद्राच्या ढिगापर्यंत जातो आणि ताशी चौदाशे टन कोळसा वाहतो. पट्ट्याच्या बाजूनं अखेरपर्यंत एक लाल दोरी ताणलेली असते. ती ओढली की सगळं जागच्या जागी थांबतं. त्या सकाळी ती दोरी काटाघराच्या प्रमुख प्रणाली झाडे हिनं ओढली. एकवीस वर्षांच्या नोकरीत तिनं दोरीला हात लावण्याची ही तिसरी वेळ. पहिल्या वेळी पट्टा फाटला होता. दुसऱ्या वेळी एका माणसाची बाही रोलरात गेली होती. तो माणूस आज दोन्ही हातांनी जेवतो.

पट्ट्यावरचा राजय्या बोगे धावत आला.

"काय अटकलं, बाई?"

"काही नाही अटकलं."

"मग दोरी काऊन ओढली?"

"मघाचा आकडा परत वाच. मोठ्यानं."

राजय्यानं पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात पाहिलं. "उणे पस्तीस."

"उणे पस्तीस," प्रणाली म्हणाली, आणि वहीत लिहिलं.

काटाघरातली ही पद्धत तिचीच होती. एकानं आकडा वाचायचा, दुसऱ्यानं तो उच्चारून लिहायचा. एकट्यानं वाचलेला आकडा ती आकडा मानत नसे. नवा काटा आल्यावर पुण्याच्या कंपनीनं सांगितलं होतं की आता लिहायची गरज नाही, यंत्र रोज पहाटे स्वतःच शून्यावर येतं. प्रणालीनं मान डोलावली होती, आणि दुसऱ्या दिवसापासून लिहायला सुरुवात केली होती. सव्वीस महिन्यांच्या वह्या कपाटात होत्या. एकही दिवस कोरा नव्हता. ती रजेवर असली की राजय्या वाचायचा आणि पहारेकरी लिहायचा. पहारेकऱ्याचं अक्षर वाईट होतं, पण आकडे स्पष्ट होते.

विभागीय व्यवस्थापक विठ्ठल कुळसंगे अकराव्या मिनिटाला काटाघरात पोचले. फोन केला असता तर त्यांनी दहा वाजता उचलला असता, हे प्रणालीला ठाऊक होतं. थांबलेल्या पट्ट्याची बातमी मात्र त्यांच्या अंथरुणापर्यंत जाते.

"वीजकेंद्रातून दोन फोन आले मले. काय झालं?"

"जमिनीखालचं वजन कमी होऊन रायलं, साहेब."

"म्हणजे काट्यात बिघाड."

"काटा ठीक आहे. काल दुपारीच ठरलेल्या वजनाची साखळी पट्ट्यावर टाकून तपासला. हजारात एकाचाही फरक नाही."

"मग चालू करा ना बाप्पा!"

पट्टा थांबवला की नोंदवहीत कारणावर खूण करावी लागते. छापील कारणं चार: पट्टा फाटला, आग, माणूस, काटा. प्रणालीनं एकावरही खूण केली नव्हती. खालच्या मोकळ्या ओळीत लिहिलं होतं: 'काटा बरोबर आहे. जमीन बरोबर नाही.'

कुळसंगेंनी ती ओळ दोनदा वाचली. खुर्ची ओढली. "सांगा."

जुना काटा साधा होता. पट्ट्याखालचे चार रोलर एका चौकटीवर, चौकट संवेदकावर. वरून माल गेला की चौकट दबायची, दाब गुणिले वेग म्हणजे टन. पण त्या चौकटीला कशाचाही भार चालायचा. चिखल चिकटला, पट्टा उन्हानं सैल झाला, खंडेनवमीला कुणी श्रद्धेनं नारळ-झेंडूचं तोरण बांधलं आणि ते उतरवायला कुणी धजलं नाही, की महिनाभर वजन चुकायचं.

नवा काटा मालाला शिवत नाही. पट्ट्याच्या वर एक आणि खाली एक अशा दोन निर्वात नळ्या आहेत. प्रत्येक नळीत रुबिडियमच्या अणूंचा एक इवलासा ढग लेझरनं जवळजवळ निरपेक्ष शून्यापर्यंत थंड करतात आणि सोडून देतात. तो खाली पडतो. किती वेगानं पडला, ते दुसरा लेझर मोजतो. जगातली प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला थोडीशी ओढते. पट्ट्यावरून जाणारा कोळसाही ओढतो. वरच्या नळीतले अणू त्यानं किंचित जास्त वेगानं पडतात, खालच्या नळीतले किंचित कमी. दोन्हींतला फरक म्हणजे कोळशाचं वजन. दोन्ही नळ्यांना सारखीच जाणवणारी ओढ ही पृथ्वीची, इमारतीची, भूजलाची, बाकी सगळ्याची. तिला 'पार्श्वभूमी' म्हणतात. वजनाला तिचा उपयोग नाही, म्हणून यंत्र ती रोज पहाटे पुसून टाकतं आणि नव्या दिवसाला शून्य धरतं. पुसण्याआधी काही मिनिटं ती पडद्याच्या कोपऱ्यात दिसते.

प्रणाली आणि राजय्यानं सव्वीस महिने जे वाचलं आणि लिहिलं, ते हे कोपऱ्यातले आकडे होते.

ते मायक्रोगॅलमध्ये येतात. एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा साधारण शंभर कोटीवा भाग. बसवल्या दिवशीच्या तुलनेत आज पस्तीस कमी होते. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा होती पन्नास, म्हणून यंत्रानं कधी धोक्याची घंटा दिली नव्हती.

"पस्तीसपैकी नऊ गेल्या आठ दिवसांत गेले," प्रणाली म्हणाली. "त्यातले चार कालपासून."

कुळसंगे पंधरा वर्षं भूमिगत खाणीत काढून वर आलेले. त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. पट्ट्यापलीकडे वसाहत होती. सहा लाईनी, दोनशे बारा घरं. तिच्याखाली पंचावन्न मीटरवर जुन्या, बंद केलेल्या खाणीचे बोगदे. कोळसा काढून झाल्यावर त्यांत नदीची वाळू भरली होती, वरची जमीन बसू नये म्हणून. त्या भरणीच्या नोंदीवर सही होती स्टोइंग सरदार, म्हणजे भरणीच्या टोळीचे प्रमुख, लटारी भोंगळे यांची. लटारी भोंगळे आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, निवृत्त, चौथ्या लाईनीत घर नंबर अकरामध्ये राहत होते.

प्रणाली त्यांची मुलगी.

"बाबांना सांगितलं?"

"नाही अजून."

"कंपनीले विचारा आधी," कुळसंगे म्हणाले. "मी साडेसातला पट्टा चालू करतो, ते मले करावंच लागते. अर्ध्या वेगानं चालवतो. दुपारपर्यंत तुमच्याकडे वेळ. अन् बाई, दोरी ओढल्याची चौकशी बसेल. ती माझ्या हातात नाही."

"बसू द्या."

पुण्याहून ईशा नगरकर पडद्यावर आली. काटा तिच्याच गटानं बनवला होता. वय तिशीच्या आत, बोलणं तोलूनमापून.

"मॅडम, पार्श्वभूमी आमच्या दृष्टीनं कचरा आहे. तो फेकता यावा म्हणूनच तर दोन नळ्या."

"कचरा असो की सोनं, कमी कशानं झाला ते सांगा."

"उन्हाळा लागलाय. भूजल उतरतं. दर मीटरला चारेक मायक्रोगॅल जातात."

"मागच्या उन्हाळ्यात सात गेले, पावसाळ्यात पाच परत आले. त्याच्या आधी सहा गेले, चार परत आले. तारखा देऊ?"

ईशानं समोरचा नकाशा उघडला. मग म्हणाली, "शेजारी तुमची खाण आहे. तुम्ही कोट्यवधी टन उपसताय. ते वजनही जाणारच."

"खाण नऊशे मीटरवर आहे. तिची ओढ आडवी. तुमचं यंत्र उभी ओढ मोजते. मी हिशोब केला. तिचे तीन. फार तर साडेतीन."

"हिशोब तुम्ही केला?"

"वजन माझ्याच काट्यावरून गेलं ना."

ईशा पहिल्यांदा हसली. "वह्यांचे फोटो पाठवता? सगळे?"

"सातशे नव्वद ओळी आहेत."

"सगळ्या पाठवा. आणि तुमच्याकडे तपासणीचा फिरता मापक आहे ना? तो घेऊन वसाहतीत फिरा. चौदा-पंधरा ठिकाणी वाचन घ्या. आकडा सगळ्यात कमी कुठे पडतो, ते कळलं पाहिजे."

फिरता मापक गॅसच्या टाकीएवढा. तो हातगाडीवर बांधून प्रणाली आणि राजय्या अकरा वाजता वसाहतीत शिरले. प्रत्येक जागी मापक चार मिनिटं स्थिर ठेवावा लागे, आणि तेवढा वेळ आसपास कुणी उभं राहिलेलं चालत नसे. वडधोंड्यात ही अट पाळणं सोपं नव्हतं.

"काय मोजून रायली वं प्रणाली?" दुसऱ्या लाईनीच्या शेवंताबाईंनी दारातूनच विचारलं.

"जमीन, काकू. थोडं मागं व्हा."

"माझं वजन पकडते का काय ते?"

"पकडते ना," राजय्या म्हणाला. "तुम्ही जवळ आल्या का आकडाच पळून जाते."

"तुझ्या तोंडाले कोळसा लागो!"

हसणं थांबल्यावर राजय्यानं आकडा वाचला, प्रणालीनं उच्चारून लिहिला. पहिल्या लाईनीत फार फरक नव्हता. दुसऱ्या लाईनीत थोडा. तिसऱ्या लाईनीच्या टोकाला राजय्याचा आवाज खाली आला. चौथ्या लाईनीत, घर नंबर नऊ आणि बाराच्या मध्ये, त्यानं सगळ्यात कमी आकडा वाचला, पडदा बाहीनं पुसला आणि पुन्हा वाचला.

लटारी भोंगळे ओट्यावर बसले होते. ओटा नवा, दिवाळीत बांधलेला, गुळगुळीत, कडेला हिरव्या रंगाची रेघ. मुलीकडे पाहून त्यांनी चष्मा पुसला.

"सकाळी पट्टा बंद केला म्हणे तू. सगळ्या लाईनीत बोंब आहे."

"बाबा, घरात चला. बोलायचं आहे."

"इथंच बोल. राजय्या काही परका नाही."

प्रणालीनं उभ्यानंच सांगितलं. आकडे सांगितले, जागा सांगितली. लटारींनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी हाताचा पंजा पुढे धरला.

"हा हात पाह्य. चौतीस नंबरपासून एकावन्न नंबरपर्यंत प्रत्येक बोगदा मी भरला. नदीवरून वाळू, पाण्यासंगं नळातून खाली. पाणी निथळलं का मी बत्ती घेऊन आत जाऊन पाह्यचो. छताले अन् वाळूले मधात हा हात जात नव्हता. हात गेला तर मी सही करत नव्हतो. बारा वर्षांत एकदा नाही केली. मॅनेजर ओरडला तरी नाही केली. अन् तू म्हणतेस खाली पोकळ आहे?"

"तुम्ही भरलं नाही, असं मी कुठं म्हणून रायली? आता तिथं नाही, एवढंच म्हणते."

"वाळूले पाय फुटले?"

"मले नाही माहीत."

"मग ज्याचं माहीत नाही त्याच्यासाठी दोनशे घरं उठवशील? तुझ्या त्या अणूच्या भरोशावर? लोक काय म्हणतील, लटारीच्या पोरीनं लटारीची भरणी खोटी पाडली!"

"लोकांचं मले काही नाही, बाबा. तुम्ही आज माझ्या घरी चला झोपायले."

"मी इथंच झोपीन," लटारी म्हणाले. "माह्या वाळूवर."

प्रणालीनं वही बंद केली. तिला राग आला होता आणि त्याच वेळी बरंही वाटलं होतं. हात गेला तर सही नाही, हे वाक्य तिनं लहानपणी शंभरदा ऐकलं होतं. सही करण्याची तिची स्वतःची रीतही तीच होती, आणि आता तिच्याच दोन आकड्यांमध्ये हात जात होता. पस्तीसमधले तीन खाणीचे. बत्तीस कुठे गेले?

संध्याकाळी ईशाचा निरोप आला. चौदा वाचनांवरून तिच्या गटानं अंदाज काढला होता. चौथ्या लाईनीखालून गेलेलं वजन: अठ्ठावन्न ते सहासष्ट हजार टन. खाली तिनं लिहिलं होतं, 'साठ हजार टन वस्तू जमिनीखालून कुणाला न दिसता जाऊ शकत नाही. तुमचे वरिष्ठ हेच विचारतील. उत्तर तयार ठेवा.'

कुळसंगेंनी तेच विचारलं. खाण सुरक्षा कार्यालयाला त्यांनी त्याच संध्याकाळी कळवलं, पण तिकडूनही हाच प्रश्न आला. भोक पाडायचं यंत्र मागवायचं तर आधी कारण हवं, आणि कारण म्हणून कोपऱ्यातला एक पुसला जाणारा आकडा कुणी घेईना.

बुधवारी सकाळी नऊ वाजता लटारी भोंगळे काटाघरात आले. चालत. चौथ्या लाईनीपासून काटाघर शंभरेक पावलांवर. गेल्या चार वर्षांत ते तेवढेही चालले नव्हते. हातात प्लास्टिकचं घमेलं होतं. ते त्यांनी मुलीच्या टेबलावर ठेवलं, वह्यांच्या शेजारी.

"ओटा कशाचा बांधला आपण?"

"सिमेंटचा," प्रणाली म्हणाली. तिला काही कळेना.

"अन् वाळू?"

वाळूची गोष्ट वसाहतीत सगळ्यांना ठाऊक होती. उघड्या खाणीच्या तळाशी पाणी साचतं, ते पंपानं उपसतात. त्या डबक्यात तळाला गाळ बसतो. तो गाळ रोज सकाळी कोळशाच्या आधी दहा-बारा मिनिटं पट्ट्यावरून जाऊन पलीकडच्या टेकाडावर पडतो. वर्षभरापूर्वी कुणाच्या तरी लक्षात आलं की गाळ धुतला की खाली झकास वाळू राहते. नदीतून वाळू काढायला केव्हाच बंदी आलेली. बाजारात दगडाचा चुरा मिळे. वडधोंड्याच्या लोकांना हे घबाडच सापडलं. जो तो ट्रॉली भरून आणू लागला. कुणाची न्हाणी झाली, कुणाचं कुंपण झालं. लटारींचा ओटा झाला.

"बांधला तेव्हाच मी म्हटलं होतं, वाळू नंबर एक आहे," लटारी म्हणाले. "गोल दाणा. नदीचा. पण खाणीच्या तळाले नदीची वाळू कशी येईन, हा इचार माह्या टकुऱ्यात आला नाही. आयती भेटली ना, मग कोण इचार करते! काल तू गेली अन् मी घराच्या मागं गेलो. चाळणीतून जे वर रायते ते कोपऱ्यात टाकलेलं होतं. हे पाह्य."

घमेल्यात काळ्या पडलेल्या बांबूच्या कामट्या होत्या. बोटभर लांबीच्या, चपट्या. एकीला गोणपाटाचे तंतू चिकटलेले होते.

राजय्यानं एक उचलली. "हे काय जी?"

"तट्ट्या," लटारी म्हणाले. "बोगद्याच्या तोंडाले आम्ही बांबूच्या तट्ट्या लावायचो, वरून गोणपाट. पाणी निथळते, वाळू आत रायते. सडून गेल्या असतीन आता. तुमच्या नव्या खाणीनं पाणी ओढलं, तट्ट्या सुटल्या, अन् पाण्यासंगं माही वाळू तुमच्या डबक्यात." ते खुर्चीत बसले. धाप लागली होती. "नदीच्या वाळूत बांबूची कामटी येत नाही, पोरी. माह्याच वाळूत येते."

प्रणाली आधीच संगणकाकडे वळली होती.

पट्ट्यावरून जाणाऱ्या प्रत्येक मालाला एक सांकेतिक क्रमांक असतो. कोळशाचा अहवाल रोज पाच ठिकाणी जातो. गाळाचा कुठेच जात नाही. तो विकला जात नाही, त्याला दर नाही, त्याचा रकाना आजवर कुणी उघडला नव्हता. पण काट्याला ते ठाऊक नव्हतं. त्यानं गाळही कोळशाइतक्याच नेकीनं मोजला होता. गाळाचा रकाना आधी वर्षभर जवळजवळ सारखा होता, मग चढत गेला, आणि गेल्या आठवड्यात एकदम वर गेला. पार्श्वभूमीच्या आकड्यांची उतरण याच्या अगदी उलट होती.

"राजय्या, वाच. पहिल्या वर्षापेक्षा जास्तीचा गाळ, एकूण."

"एकसष्ट हजार तीनशे."

"एकसष्ट हजार तीनशे," प्रणालीनं लिहिलं. मग पेन खाली ठेवून तिनं ईशाचा निरोप वहीशेजारी धरला. "अठ्ठावन्न ते सहासष्टच्या मधात. बाबा, वर्षभर तुमची वाळू माझ्या काट्यावरून गेली. रोज."

"बरोबर मोजली ना?"

"हजारात एकाचाही फरक नाही."

लटारींनी मान डोलावली. सरदारकीच्या काळात कामगारांनी बोगदा नीट भरला की ते अशीच मान डोलावत, एकदाच. "मग तुह्या साहेबाले बोलाव. अन् मले चहा सांग."

कुळसंगेंनी कामटी हातात घेतली आणि दुसरा प्रश्न विचारला नाही. भूमिगत खाणीत त्यांनी अशा तट्ट्या पाहिल्या होत्या.

शुक्रवारी, १५ मार्चला, सकाळी साडेआठ वाजता चौथ्या लाईनीच्या रस्त्यावर भोक पाडायला सुरुवात झाली. सुरक्षा कार्यालयाचे दोन अधिकारी, कुळसंगे, प्रणाली आणि दोरीपलीकडे सगळी वसाहत. लटारींना खुर्ची आणून दिली होती. ते बसले नाहीत. चाळीस मीटरपर्यंत यंत्र एकसुरात घरघरत होतं. एक्केचाळिसाव्या मीटरला आवाज बदलला, आणि हातातून निसटावा तसा दांडा चार मीटर सरळ खाली गेला. भरणी पंचावन्न मीटरवर होती. पोकळी वर चढत आली होती.

अधिकाऱ्यानं तिथंच कागदावर सही केली. दोनशे बारा घरं संध्याकाळी पाचच्या आत रिकामी करायची होती. पावणेचारलाच झाली. लटारी भोंगळे दारोदार गेले. प्रत्येक दारात त्यांनी एकच वाक्य म्हटलं: "वाळू मी भरली होती, आता नाही आहे, चला." कुणी वाद घातला नाही. कुणी बाहेर पडताना शिव्या दिल्याच असतील तर त्या पट्ट्याला दिल्या.

शेवंताबाईंनी सामान ट्रॅक्टरवर चढवताना प्रणालीला गाठलं. "तू मोजलं म्हणून निघून रायलो हो. दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून चूल उचलली नसती मी."

प्रणालीनं त्यांच्या हातातलं गाठोडं वर चढवलं. ती ट्रॅक्टर वळेपर्यंत उभी राहिली.

त्या रात्रीपासून वसाहतीतलं कुटुंब अन् कुटुंब खाणीच्या प्रशिक्षण केंद्रात आणि दोन शाळांमध्ये आहे. मंगळवारी, १९ मार्चला, टेकाडावरची वाळू पाण्यासोबत परत खाली सोडायला सुरुवात झाली. तीन भोकं पाडली आहेत. डबक्याच्या बाजूनं आधी काँक्रीटची भिंत घातली, म्हणजे पुन्हा गळायला नको. घरांसमोर पडलेले वाळूचे ढीगही उचलून आणले, तेही मोजून. ते तीनशे चाळीस टन भरले.

"माझ्या संडासाची भिंत तेवढी सोडा जी," राजय्यानं कुळसंगेंना विनंती केली. "ती तुमच्या पोकळीत मोजून घ्या पाहिजे तर."

वाळू खाली सोडण्याचं काम बघायला अनुभवी माणूस लागतो. भरणीचं काम केलेली माणसं आता खात्यात उरली नाहीत. लटारी भोंगळे यांना दिवसाच्या कराराने सल्लागार म्हणून घेतलं आहे. त्यांना हेल्मेट दिलं, ते मोठं झालं. आत टॉवेलची घडी घालून त्यांनी ते बसवलं. पाण्यात वाळू किती घालायची हे ते नळाला कान लावून सांगतात, आणि प्रणाली मापकावरून तपासते. आतापर्यंत दोघांत फरक पडलेला नाही. परवा एका अधिकाऱ्यानं त्यांना विचारलं, हे शिकलात कुठे. लटारी म्हणाले, "शिकलो नाही. केलं." मग प्रणालीकडे बोट दाखवून म्हणाले, "शिकलेली ती."

ईशा नगरकर रविवारी स्वतः वडधोंड्याला आली. देशात तिच्या कंपनीचे असे तीनशे चाळीसच्या वर काटे आहेत. पार्श्वभूमी पुसण्याआधी ती साठवून ठेवण्याचा आदेश तिनं सगळ्यांना पाठवला आहे. मागचे आकडे मात्र कुठेच नाहीत. ते फक्त वडधोंड्याच्या कपाटात आहेत, दोन हस्ताक्षरांत. ईशानं वह्या उभ्यानं चाळल्या, मग बसून चाळल्या. जाताना तिनं विचारलं, एक वही संस्थेसाठी मिळेल का. प्रणालीनं सांगितलं, नक्कल करून घ्या.

दोरी ओढल्याच्या चौकशीची तारीख २ एप्रिल आहे. प्रणालीनं लेखी उत्तर दिलं आहे, चार ओळींचं. कारणाच्या रकान्यात तिनं काही बदल केलेला नाही.

सोमवार, २५ मार्च, दुपारचे चार. आतापर्यंत तेवीस हजार आठशे टन वाळू खाली गेली आहे. चौथ्या लाईनीच्या रस्त्यावर शनिवारी पडलेली भेग अकरा मिलिमीटरवर आहे. कालपासून ती वाढलेली नाही. पहिल्या आणि दुसऱ्या भोकाखाली वाळू साचते आहे, आणि मापकावरचा आकडा त्या प्रमाणात वर येतो आहे. तिसरं भोक पाचव्या लाईनीच्या टोकाला आहे. जुन्या नकाशात तिथे बोगदा नाही, आणि लटारी भोंगळे शपथेवर सांगतात की त्यांच्या काळात तिथे कुणी कोळसा काढला नव्हता. त्या भोकातून चार हजार एकशे टन वाळू खाली गेली आहे. तिथला आकडा एकानेही वर आलेला नाही. वाळू कुठे जाते आहे, ते अद्याप कळलेलं नाही.